पहिली बंदूक वाढत्या अंगाची नको

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या दिवशी पहाटे अंधारातच खेड्यापाड्यांतले रस्ते भडक नारिंगी जाकिटांनी जागे होतात. शेतकऱ्यांची दहा-बारा वर्षांची मुलं आजोबांचं बोट धरून रानात जातात आणि सोमवारी शाळेत दुसरा विषय नसतो. इथं वाढणारी मराठी मुलं त्याच वर्गात, त्याच बाकांवर बसतात. माझी लेक सहावीत असताना अशाच एका सोमवारी घरी आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी मलाही जायचंय."

मी सिंधुदुर्गातला. आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, डुकरं आणि वानरं हाकायला. तिच्याबद्दल आम्हा मुलांना एकच गोष्ट ठाऊक होती: तिला हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतातली हौशी शिकार संपली, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. पण त्यामुळे इथल्या शेजाऱ्याला जे ज्ञान बापाकडून मिळतं, ते आपल्याला दुकानाच्या काउंटरवर विकत घ्यावं लागतं. तिथं मी चुकलो. मूल हट्ट धरून बसलंय, घरात विचार चाललाय आणि माहिती नाही, अशा पालकांसाठी हे लिहितो आहे.

आधी हरणाचं बघा

इथलं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. बिचकलं की शेपटी झेंड्यासारखी उभारून पळतं. त्याच्या पुढच्या पायामागे, बरगड्यांच्या आत, फुप्फुसं आणि हृदय असतं. ही जागा साधारण आठ इंच व्यासाची धरतात, म्हणजे जेवणाच्या कागदी ताटलीपेक्षा थोडी लहानच. गोळी तिथं लागली तर जनावर काही क्षणांत संपतं. ती वीतभर मागे, पोटात लागली, तर ते तासन् तास जगतं, मैलभर जातं आणि कुठल्यातरी झुडपात एकटं मरतं.

पहिली बंदूक निवडताना बाकी सगळे प्रश्न या एका गोष्टीपाशी येतात. मुलाच्या हातून गोळी त्या आठ इंचांत पडेल का? मॅडिसनच्या विद्यापीठात १९३३ पासून वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे आल्डो लिओपोल्ड स्वतः शिकारी होते. शिकाऱ्याभोवती ना प्रेक्षक असतात ना पंच, त्याला आवर घालतो तो त्याचा विवेकच, हे त्यांचं म्हणणं इथल्या शिकाऱ्यांच्या पिढ्यांनी मनावर घेतलं आहे. जनावराला यातना न देणं हे आपलं त्याच्याशी देणं आहे. ते फेडायला मोठी बंदूक लागत नाही, नेमकी लागते. आणि मूल नेमकं तेव्हाच मारतं, जेव्हा बंदूक त्याच्या मापाची असते आणि तिची त्याला भीती वाटत नाही.

माप: खांद्यापासून चापापर्यंत

आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायची रीत आहे. बाही दुमडायची, शिवण आत धरायची आणि दोन वर्षांनी उसवायची. बंदुकीला ही रीत लावू नका. पालकांच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक हीच.

बंदुकीच्या चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर हे तिचं मुख्य माप. मोठ्या माणसांच्या रायफलींत ते साडेतेरा-पावणेचौदा इंच असतं. लहान चणीच्या मुलांसाठी बनवलेल्या रायफलींत ते बारा ते तेरा इंच असतं. एक-दीड इंचाने काय होतं, असं वाटेल. लांब दस्त्याची बंदूक धरताना मूल ती खांद्याच्या खळग्यात टेकवू शकत नाही, दंडावर टेकवतं. नळीचं वजन पुढे ओढतं म्हणून ते पाठीतून मागे कलतं. मान ताणून डोळा दुर्बिणीपर्यंत न्यावा लागतो, आणि तरीही चित्राभोवती काळी कड दिसते. अशा अवस्थेत बार निघाला की दणका खांद्यावर न बसता दंडाच्या हाडावर बसतो.

दुकानात करून बघायची जुनी चाचणी सोपी आहे. मुलाने कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या घडीत टेकवायचं आणि तर्जनी चापाकडे न्यायची. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात पोचलं तर माप जवळपास बरोबर. ताणून पोचत असेल तर ती बंदूक खाली ठेवा. अर्थात चाचणीआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री दुकानदाराने, तुम्ही आणि मुलाने, तिघांनीही डोळ्यांनी करून घ्यायची.

यात एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, मीही विसरलो होतो. बंदूक आपण घेतो ऑगस्टमध्ये, टी-शर्टात. शिकार होते नोव्हेंबरच्या अखेरीस, उणे तापमानात. स्वेटर, जाड जाकीट, त्यावर नारिंगी बंडी, एवढं सगळं अंगावर चढलं की दस्ता जवळजवळ इंचभर लांबल्यासारखा होतो. म्हणून दुकानात जाताना मुलाचं थंडीचं जाकीट गाडीत टाका आणि ते घालूनच माप बघा. लोकांनी हसायचं तर हसू देत.

मूल वाढणार, हे खरंच आहे. त्यावर उपायही आहेत. मॉसबर्गच्या 'पॅट्रियट सुपर बँटम' रायफलीबरोबर दस्त्यात घालायची एक चकती येते. ती बसवली की दस्ता इंचभर लांब होतो. रुगर आणि सॅव्हेज या कंपन्यांच्या स्वस्त रायफलींच्या आखूड आवृत्त्या मिळतात, त्यांची नळीही लहान असते. आज मापात बसणारी बंदूक घ्या आणि उद्या तिचा दस्ता वाढवा. उलटं करू नका.

कोणता डोळा राज्य करतो

हाताप्रमाणे डोळ्यांतही एक डोळा वरचढ असतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्या कितीतरी मुलांचा डावा डोळा वरचढ असतो, आणि हे ना त्यांना माहीत असतं ना आईवडिलांना. मुलाला दोन्ही हात पुढे ताणायला सांगा, तळव्यांची एकमेकांवर कैची करून मध्ये लहानशी खिडकी ठेवायला सांगा, आणि त्या खिडकीतून दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सांगा. आता एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं, तो वरचढ.

डावा डोळा वरचढ निघाला तर बंदूक डाव्या खांद्याला लावायला शिकवणं उत्तम. सुरुवातीलाच शिकवलं तर मुलं पंधरवड्यात सरावतात. सवय पक्की झाल्यावर मात्र फार जड जातं. सॅव्हेजसारखे कारखाने डावखुऱ्यांसाठी बोल्ट डावीकडे असलेल्या रायफली बनवतात.

दणका, आणि माझी चूक

गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत शिकलेलं मूल तो इथं खांद्याने शिकतं. या दणक्याची ऊर्जा इथं फूट-पौंडांत मोजतात. साडेसात-आठ पौंड वजनाच्या रायफलीतून .२४३ विंचेस्टर हे काडतूस उडवलं तर सुमारे ९ फूट-पौंड दणका बसतो. ७ एमएम-०८ रेमिंग्टन आणि ६.५ क्रीडमूर साधारण १२ च्या आसपास. .३०८ विंचेस्टर १५-१६. जड गोळीचं .३०-०६ सुमारे २०, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम २५ च्या पुढे. अनुभवी मोठ्या माणसांपैकीही पुष्कळांचा नेम २० च्या वर बिघडायला लागतो.

मी लेकीसाठी पहिली रायफल घेतली ती .३०-०६. दुकानातल्या माणसाने सांगितलं, ही एकदा घेतली की आयुष्यभर दुसरी लागायची नाही. त्याचं खोटं नव्हतं. १९०६ पासून हे काडतूस अमेरिकेत हरणापासून मोठ्या सांबराएवढ्या एल्कपर्यंत सगळ्याला चालत आलं आहे. पण आयुष्यभराचा हिशेब मी बारा वर्षांच्या, पस्तीस किलोच्या मुलीच्या खांद्यावर ठेवला. पहिली गोळी तिने हिमतीने झाडली. दुसऱ्या वेळी डोळे मिटले. तिसऱ्या वेळी गोळी निशाणाच्या फळीलाही लागली नाही. ती रडली नाही, म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे. रात्री आईने खांदा बघितला तेव्हा तो काळानिळा झाला होता.

खांदा आठवड्यात बरा झाला. बिचकणं सहा महिने टिकलं. चाप ओढायच्या क्षणाआधी शरीर आपोआप आक्रसतं, नळी किंचित खाली जाते, डोळा मिटतो. मुलाला हे कळतही नाही. एकदा हे अंगात भिनलं की काढायला फार वेळ लागतो, आणि काही जण आयुष्यभर ते घेऊन फिरतात. म्हणून 'मुलाला सवय होईल' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दणक्याची सवय लागत नाही, भीतीची लागते.

हलकी बंदूक मुलाला चांगली, हेही अर्धंच खरं. तेच काडतूस पाच पौंडांच्या बंदुकीत घातलं तर दणका जास्त बसतो, कारण तो शोषायला वजनच नसतं. सहा ते सात पौंडांची, मागे जाड रबरी गादी असलेली रायफल हा बरा मध्य. ती खांद्यावर वागवून थकवा येत असेल तर पट्टा लावा, किंवा वाटेत तुम्ही धरा.

काडतूस कोणतं

नव्या शिकाऱ्यांच्या गप्पांत या विषयावर रात्री सरतात. मी माझा निवाडा सांगून टाकतो.

लहान चणीच्या, दहा ते तेरा वर्षांच्या मुलासाठी .२४३ विंचेस्टर. हे १९५५ साली बाजारात आलं, आणि .३०८ च्याच पितळी कवचाची मान आवळून ते बनवलेलं आहे. गोळी सडपातळ, वेगवान, दणका सौम्य. मात्र त्याला एक अट आहे. याच काडतुसात ५५ ते ७५ ग्रेनच्या हलक्या गोळ्याही मिळतात, त्या कोल्हे आणि तत्सम लहान जनावरांसाठी असतात. त्या अंगावर फुटतात आणि खोल जात नाहीत. हरणासाठी ९५ ते १०० ग्रेनची शिकारी गोळी हवी, किंवा अखंड तांब्याची ८०-८५ ग्रेनची. (एक ग्रॅम म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रेन, १०० ग्रेनची गोळी साडेसहा ग्रॅम भरते.) डब्यावर हरणाचं चित्र आहे का ते बघा, आणि तरीही वजन वाचाच.

चौदा-पंधराच्या, थोड्या भरलेल्या अंगाच्या मुलाला ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूर. मला स्वतःला पहिलं अधिक आवडतं, कारण त्यात सौम्य दणक्याची काडतुसं तयार मिळतात. मूल मोठं झालं की त्याच रायफलीत पूर्ण ताकदीची घालता येतात. 'आयुष्यभराची बंदूक' हवीच असेल, तर ती ही. ६.५ क्रीडमूर २००७ चं, लांब टप्प्याच्या नेमबाजीसाठी घडवलेलं. आज प्रत्येक गावच्या दुकानात ते मिळतं, हा त्याचा मोठा गुण.

.३०-३० विंचेस्टर हे १८९५ चं म्हातारं काडतूस. दाट झाडीतल्या, शंभर यार्डांच्या आतल्या शिकारीला आजही उत्तम आणि दणक्याला मवाळ. त्याबद्दलची माझी हरकत काडतुसाला नाही, ज्या बंदुकीत ते येतं तिला आहे. ती पुढे सांगतो.

काही जण .२२३ सुचवतात, आणि विस्कॉन्सिनात ते कायद्याने चालतंही. तज्ज्ञ हाताला ते पुरेल. नवशिक्याला चुकीची थोडी तरी सूट हवी, आणि ती हे काडतूस देत नाही.

शिशाबद्दलही दोन शब्द. शिशाची गोळी आत फुटली की तिचे बारीक कण मांसात दूरवर जातात. २००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसात असे कण सापडले, तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याने ते मांस वाटू नका असं सांगितलं. घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर तांब्याची गोळी थोडी महाग पडली तरी घ्या. आम्ही तीच वापरतो.

धाटणी: बोल्ट, एकनळी, तरफेची

पहिल्या बंदुकीसाठी मी बोल्टची रायफल सुचवतो. दांडा वर उचलून मागे ओढला की नळीचं तोंड उघडं पडतं. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे शेजारी बसलेल्या बापालाही दिसतं. प्रत्येक गोळीनंतर मुलाला हात हलवावा लागतो आणि तेवढाच विचार करायला वेळ मिळतो.

मध्ये मोडून एकच गोळी भरायची एकनळी बंदूक याहूनही साधी आणि स्वस्त. एकच गोळी आहे हे माहीत असलं की मूल नीट नेम धरतं. पण तिच्यातल्या बऱ्याच बंदुकांना बाहेर घोडा असतो, तो अंगठ्याने मागे ओढावा लागतो, आणि गारठलेल्या लहान अंगठ्याला ते जड जातं. त्या वजनाने हलक्या असल्यामुळे दणकाही जास्त.

तरफ खाली ओढून भरायची लिव्हर रायफल, म्हणजे विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६, पुष्कळ घरांत आजोबांची असते. सिनेमातही आपण तीच बघितलेली. .३०-३० बहुतेक याच बंदुकीत येतं. हरीण आलं, घोडा ओढला, आणि हरीण गोळीविना निघून गेलं, की तो ताणलेला घोडा भरल्या बंदुकीवर अलगद खाली उतरवावा लागतो. थंडीने बधिर झालेल्या, हातमोज्यातल्या बारा वर्षांच्या अंगठ्यावर हे काम सोपवायला माझं मन धजत नाही. आजोबांची बंदूक आठवणीची असते हे मान्य. ती दोन-तीन हंगामांनंतर द्या.

अर्धस्वयंचलित रायफलींचा दणका कमी असतो आणि दस्ता मागेपुढे करता येतो, हे त्यांचे खरे गुण. पण दुसरी गोळी आपोआप तयार असते, म्हणून पहिलीची किंमत मुलाला कळत नाही. पेनसिल्व्हेनियात तर मोठ्या जनावरांच्या शिकारीला अशा रायफली चालतच नाहीत.

दुर्बीण

तीनपट ते नऊपट दाखवणारी, चाळीस मिलिमीटर काचेची साधी दुर्बीण पुरते. रानात ती तीनपटावरच ठेवा. नऊपटावर मुलाला चित्रात फक्त तपकिरी केस दिसतात आणि हरणाचा कुठला भाग तो समजत नाही. दुर्बीण आणि डोळा यांत साडेतीन इंचांच्या आसपास अंतर राहायला हवं. मुलं पुढे सरकतात, आणि मग दणक्याबरोबर दुर्बिणीची कड भुवईवर बसते. म्हणून दुर्बीण मुलाच्या डोळ्याच्या जागी, जाकीट घालूनच बसवून घ्या.

राज्य बदललं की बंदूक बदलते

विस्कॉन्सिनातलं शहाणपण न्यू जर्सीत कामाचं नाही, आणि आपली पुष्कळ माणसं तिकडेच आहेत. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये हरणाच्या शिकारीला रायफल चालतच नाही. तिथं शॉटगन किंवा ठासणीची बंदूक. (आजोबांची आठवण तिथल्या दुकानात मला फार आली.) मुलासाठी अशा राज्यात २० गेजची, आखूड दस्त्याची शॉटगन घ्या. १२ गेजच्या जड गोळीचा दणका ३० फूट-पौंडांच्या पुढे जातो. ती मोठ्यांनाही नकोशी होते.

ओहायोत सरळ कवचाची काडतुसं चालतात, म्हणजे ज्यांची मान आवळलेली नसते अशी. त्यांतलं .३५० लेजंड हे २०१९ चं काडतूस मुलांसाठी देणगीच आहे. दणका .२४३ इतकाच आणि दीडशे यार्डांपर्यंत हरणाला पुरेसं.

न्यू जर्सीत लांब बंदूक घ्यायलाही आधी खरेदीचं ओळखपत्र लागतं, इलिनॉयमध्ये बंदूकमालकाचं कार्ड लागतं. सगळीकडचा समान नियम असा की परवानाधारक दुकानातून लांब बंदूक घ्यायला वय किमान अठरा हवं. म्हणजे बंदूक पालकच घेणार, पार्श्वभूमीची तपासणी पालकाचीच होणार, आणि जबाबदारीही त्याचीच राहणार.

आपल्या वाचकांसाठी यात एक महत्त्वाची गाठ आहे. एच-१बी, एच-४ यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. तो हातात असण्याआधी मित्राच्या बंदुकीलाही हात लावू नका, मैदानावर गंमत म्हणूनसुद्धा नाही. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा. या एका चुकीने इमिग्रेशनची सगळी वाट बंद होऊ शकते.

खर्च

आखूड दस्त्याची नवी, साधी रायफल चारशे ते सहाशे डॉलरांत येते, काही तर दुर्बिणीसकट. त्याहून जास्त पहिल्या बंदुकीवर घालवू नका. शिकारी काडतुसांचा वीसचा डबा तीस-चाळीस डॉलरांना पडतो, आणि खरा पैसा तिथं जायला हवा. हजार डॉलरांची रायफल आणि एक डबा, यापेक्षा पाचशेची रायफल आणि दहा डबे घेतलेलं मूल केव्हाही चांगला नेम मारेल. जुनी बंदूकही चालते. फक्त जाणकाराला नळी आणि चाप दाखवून घ्या.

रायफल आणि काडतुसं बनवणाऱ्यांकडून ११ टक्के केंद्रीय कर घेतला जातो, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार तो राज्यांच्या वन्यजीव संवर्धनाला जातो. इथली कितीतरी रानं आणि पाणथळ जागा या पैशावर राखल्या गेल्या आहेत.

सराव: आधी .२२

शिकारी रायफल घेण्याआधी मुलाच्या हाती .२२ लाँग रायफल द्या. दणका जवळजवळ नाही, आवाज कमी, आणि काडतूस काही सेंटांत. उन्हाळाभर तिच्यावर हात बसू दे. शिकारी रायफलीवर एका बैठकीत दहापेक्षा जास्त गोळ्या नकोत. मूल आनंदात असतानाच थांबायचं.

कानांवर दोन संरक्षणं घाला: आत बोळे आणि वर मफ. रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या घरात असतो, १४० ला कानाला इजा होते, आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. शिवाय मुलं ज्याला दणक्याची भीती म्हणतात, ती पुष्कळदा आवाजाचीच असते.

बिचकणं ओळखायची एक युक्ती मला शेजारच्या गवळी शेतकऱ्याने शिकवली. मुलाच्या नकळत तुम्ही भरायचं: कधी खरं काडतूस, कधी सरावाचं, दारू नसलेलं. मुलाने चाप ओढला, बार निघाला नाही, आणि तरीही नळीने खाली डुबकी मारली, तर तो बिचकतो आहे. मूल स्वतःच्या डोळ्यांनी ही डुबकी बघतं आणि पुढच्या वेळी तिला आवरतं. माझी लेक अशीच सुधारली, शेतकऱ्याच्या बायकोच्या उसन्या .२४३ वर. ती .३०-०६ आता मी वापरतो.

शेवटी कागदी ताटली टांगा. टेबलावर रेती भरलेल्या पिशवीवर बंदूक ठेवून मारलेले नेम मोजू नका. रानात टेबल नसतं. बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या दुबेळक्यावर नळी टेकवून पाच गोळ्या. पाचही ताटलीत पडल्या ते अंतर म्हणजे त्या मुलाची हद्द. ती पन्नास यार्ड आली तर पन्नास. एक्कावन्नाव्या यार्डावरचं हरीण जाऊ द्यायचं, आणि हे आधीच ठरवून निघायचं. रानात तोंड पाहून सूट द्यायची नाही.

घरात

विस्कॉन्सिनच्या शिकार-सुरक्षा वर्गात चार नियम पहिल्याच दिवशी पाठ करून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळीचं तोंड नेहमी सुरक्षित दिशेला ठेवा. निशाण काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा. झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापावर नेऊ नका. हे नियम घरातही तसेच लागू.

बंदूक कुलपाच्या लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली किंवा आकडे फक्त मोठ्यांकडे. मुलाची बंदूक असली तरी ती मुलाच्या खोलीत नको. किशोरवयात मन कधी कोणत्या अंधारात जाईल हे आईवडिलांनाही कळत नाही. त्या एका रात्री कुलूप बंद असणं जीव वाचवतं. या बाबतीत मला कोणतीही सबब मान्य नाही.

दुकानाआधी वर्ग

१ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला विस्कॉन्सिनात शिकारीच्या परवान्यासाठी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. जाणत्या शिकाऱ्याच्या हाताच्या अंतरावर राहून, त्याच्या देखरेखीखाली शिकार करण्याची सवलत आहे, पण तिच्यावर विसंबू नका. वर्ग गावातल्या नेमबाजी क्लबात नाहीतर शाळेत भरतात, शिकवणारे स्वयंसेवक असतात, फी नाममात्र असते. तिथं मुलाला वेगवेगळ्या धाटणीच्या बंदुका हातात घेऊन बघता येतात, त्यामुळे कोणती बसते हे पैसे न घालवता कळतं. काही मुलांना तिथंच कळतं की आपल्याला हे करायचंच नाही. तसं कळलं तर त्याचा मान राखा आणि दुकानात जाऊच नका.

बाकीच्यांनी शरद ऋतूची वाट बघू नये. हंगाम जवळ आला की जागा भरतात. उन्हाळ्यातच दोन नावं नोंदवा, एक मुलाचं आणि एक तुमचं, आणि वर्गात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसा.